गव्हावर दळलेली ज्वारी

गहू सोडला तर खायचे काय, हा प्रश्न लुधियानातल्या घराला पडला तर समजू शकते. तो सोलापुरातल्या किंवा सावंतवाडीतल्या घराला पडावा याचे मात्र नवल वाटते. तरीही पडतो. मुलाला सीलिॲक आहे, गहू आयुष्यभर बंद, असे डॉक्टरांनी सांगितले की आईचा पहिला उद्गार बहुधा हाच असतो: मग डब्यात द्यायचे काय? ज्या मुलखात दोन-तीन पिढ्यांपूर्वी गव्हाची पोळी सणावाराला नाहीतर पाहुणा आला तरच व्हायची आणि एरवी ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदूळ हेच पोटभरीचे अन्न होते, त्या मुलखातली ही आई. हरितक्रांती, रेशनचा गहू आणि पोळी म्हणजे सुबत्ता, भाकरी म्हणजे गरिबी ही समजूत, या तिघांनी मिळून आपल्या ताटाचा केवढा पालट केला, ते या एका प्रश्नावरून कळते.

आमचे म्हणणे असे, की सीलिॲक असलेल्या मराठी माणसाला अन्नाची वाण नाही. त्याची अडचण आहे ती कोपऱ्यावरच्या गिरणीत, हिंगाच्या डबीत, पंगतीतल्या आग्रहात आणि त्याआधी, उशिरा होणाऱ्या निदानात. महागड्या पाकिटांची चर्चा बरीच होते. या चार ठिकाणांची होत नाही.

आधी आजाराविषयी. सीलिॲकला सर्रास ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. ॲलर्जीची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत उमटते. अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, दम लागतो. सीलिॲकचे काम संथ चालते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. कणीक ताणली तरी तुटत नाही, पुरणपोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, हे सारे ग्लुटेनच्याच जोरावर. ते कोणालाच पुरते पचत नाही. त्याचे काही तुकडे अर्धवट पचलेल्या अवस्थेत लहान आतड्यात तसेच राहतात. बहुतेकांचे त्याने काही बिघडत नाही. पण एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके असलेल्यांपैकी काहींची प्रतिकारशक्ती या तुकड्यांवर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत स्वतःच्याच आतड्याच्या अस्तराची नासधूस करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवीसारखे दाट अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट झाले, की खाल्लेले अंगी लागणे थांबते.

यातून पुढे जे होते त्याचा पोटाशी संबंध दिसेलच असे नाही. लहान मुलात जुनाट जुलाब, फुगलेले पोट, काटकुळे हातपाय, चिडचिड हे चित्र ओळखीचे आहे. मोठ्यांमध्ये मात्र हा आजार भलत्याच दारातून आत येतो. वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर न सरकणारी बाई, वर्गात सर्वांत पुढे उभी राहणारी बुटकी मुलगी, चाळिशीतच ठिसूळ झालेली हाडे, कारण न सापडणारे वंध्यत्व, कोपरा-गुडघ्यांवरचे खाजरे फोड, दातांवरच्या आवरणातले दोष. टाइप १ मधुमेह आणि थायरॉइडचे काही विकार असलेल्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि रुग्णाच्या आई-वडिलांत, भावंडांत, मुलांतही. म्हणून घरात एकाचे निदान झाले की बाकीच्यांची तपासणी करून घ्यावी, त्यांना काही त्रास नसला तरी.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध उलगडला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञामुळे. पाव-बिस्किटे बंद केली की ही मुले सुधारतात, असा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाची भीषण टंचाई झाली. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. त्या दिवसांत पाव मिळेनासा झाला आणि डिके यांची आजारी मुले चक्क सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात त्यांनी यावर प्रबंध सादर केला. तोवर या मुलांना केळ्यांवर ठेवण्याचा उपाय अमेरिकेत चांगलाच गाजला होता. मुले सुधारतही होती, पण श्रेय केळ्यांचे नव्हते. केळी खाताना गहू पोटात जात नव्हता, एवढेच.

आपल्याकडे हा आजार नवा नाही. उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलिॲकविषयीचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९६६ सालीच प्रसिद्ध झाला होता. नंतरही बरीच वर्षे तो ‘गोऱ्यांचा आजार’ मानला गेला आणि पुढे ‘पंजाब-हरयाणाचा’. दिल्लीच्या एम्समधील डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील लोकांची पाहणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर ९६ माणसांमागे एकाला सीलिॲक असल्याचे दिसले. त्याहून बोलकी आकडेवारी २०१६ ची. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांतल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांची त्यात तपासणी झाली. आजाराचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के निघाले. आजाराला वाट करून देणारी जनुके मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात, म्हणजे साधारण तीनांतल्या एकात, सापडली. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू साडेचारशे ग्रॅमच्या घरात, दक्षिणेत पंचवीस ग्रॅमच्या आसपास. ईशान्येतही गहू थोडाच खाल्ला जातो आणि तरी आजार बराच आहे, तेव्हा गणित केवळ गव्हाच्या मापाचे नाही हेही खरे. पण जनुके दक्षिणेतही हजर आहेत, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्राची थाळी या दोन टोकांच्या मधली, आणि ती गेली काही दशके उत्तरेकडे सरकते आहे. सकाळी बिस्किट, दुपारी पोळी, संध्याकाळी पाव किंवा नूडल्स, रात्री पुन्हा पोळी असा दिवस आज पुण्यात काय आणि परभणीत काय, कोणालाच वेगळा वाटत नाही. ‘आपल्याकडे नसतो हा आजार’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हा बदल जमेस धरायला हवा.

निदानाच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. रक्तातल्या टीटीजीविरोधी प्रतिपिंडांची तपासणी आणि गरजेनुसार दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, हा निदानाचा रुळलेला मार्ग. या दोन्ही तपासण्या माणूस गहू खात असतानाच करायच्या असतात. गहू सोडून काही महिने झाले की प्रतिपिंडे उतरतात, आतडे भरून येऊ लागते आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. मोबाइलवर काहीतरी पाहून स्वतःच गहू बंद करणारे आणि बरे वाटल्यावर डॉक्टरकडे जाणारे लोक हल्ली वाढले आहेत. त्यांच्यापुढे मग दोनच वाटा उरतात: निदानाशिवाय जन्मभर शंकेत राहायचे, किंवा तपासणीसाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊन आजार ओढवून घ्यायचा. आधी रक्त द्यावे, मग गहू सोडावा. क्रम उलटा झाला की पस्तावायची पाळी येते.

या आजाराला औषध नाही. आहार हाच उपचार, आणि तो जन्मभराचा. आपल्याला पथ्याची सवय आहे, पण आपल्या पथ्याला सवलतीचीही सवय आहे. मधुमेह असलेले आजोबा श्राद्धाची खीर चार चमचे खातात आणि रात्रीचा भात टाळून हिशेब जमवतात. सीलिॲकला असला हिशेब जमत नाही, आणि हे नातेवाइकांना पटवून देणे रुग्णाला सगळ्यात जड जाते. थोडे आकडे मांडून पाहू. एका मध्यम पोळीत ग्लुटेन साधारण दोन-अडीच ग्रॅम असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीलिॲक असलेल्या प्रौढांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिले, तेवढ्यानेही त्यांच्या आतड्यातले अंकुर खुरटले. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा चाळिसावा-पन्नासावा भाग. पोळीच्या डब्याच्या तळाशी उरलेला चुरा तेवढा सहज भरतो. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. आंतरराष्ट्रीय मानकही तेच. अशा पदार्थाचा अर्धा किलो खाल्ला तरी पोटात दहाच मिलिग्रॅम जातील, असा त्यामागचा विचार.

आता गिरणीत जाऊ. ज्वारी जात्याच ग्लुटेनमुक्त, पण ती दळायची कुठे? मराठी बाया गिरणीवाल्याला पूर्वीपासून बजावत आल्या आहेत: ‘आमची ज्वारी गव्हावर टाकू नका, ज्वारीवरच टाका.’ त्यामागे भाकरी बिघडू नये, पोळ्यांना काळपट झाक येऊ नये, एवढाच हेतू असे. सीलिॲक असलेल्या घरात तीच सूचना उपचाराचा भाग होते आणि तिथेच ती अपुरी पडते. कारण गव्हाचे पीठ दगडांच्या खाचांत बसलेले असते, डब्याच्या तोंडाशी बांधलेल्या कापडात साचलेले असते, हवेत तरंगत असते. ज्वारीवर ज्वारी टाकली तरी आधीची ज्वारी कशावर टाकली होती, हे गिरणीवाला सांगू शकत नाही. त्याच्याही आधी दुकानात एकच माप गव्हाच्या पोत्यातून निघून ज्वारीच्या पोत्यात शिरलेले असते. म्हणून या घरांसाठी घरघंटी ही चैन नाही, आणि तिच्यात गव्हाचा दाणाही पडू द्यायचा नाही. धान्य अख्खे आणायचे, गव्हाचे दाणे निवडून काढायचे, धुऊन वाळवायचे आणि घरी दळायचे. कष्ट आहेत, पण शहरातल्या ‘ग्लुटेन-फ्री’ पिठाच्या किलोमागे जे पैसे मोजावे लागतात ते पाहता घरघंटीचा खर्च फार काळ अंगावर राहत नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी गावात चार-पाच घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे, बचत गटाने केवळ भरडधान्यांची गिरणी चालवावी, हे अशक्य नाही. उपवासाची भाजणी वेगळी दळून देणाऱ्या गिरण्या आपल्याकडे आहेतच.

स्वयंपाकघरातही हाच न्याय. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. पिठाची चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे, लाकडी उलथणे मात्र वेगळेच हवे. चाळणीच्या जाळीतून गहू कधीच पुरता निघत नाही. आधी भाकऱ्या करून झाकून ठेवाव्यात आणि मग पोळ्यांची कणीक काढावी. शहरात खरी जबाबदारी येते ती पोळ्यांना येणाऱ्या मावशींवर. परात तीच, लाटायला घेतलेली पिठी तीच, आणि पाच घरची कामे उरकायची घाई. मालकीणबाईंनी एकदा बसून, कारण सांगून, समजावले तर मावशी हे डोळ्यांत तेल घालून पाळतात. नुसते ‘याचे वेगळे करा’ म्हटले तर नाही. आमच्या मते घर लहान असेल तर रात्रीचे जेवण तरी सगळ्यांनीच भाकरीचे करावे. एकाच पोरासाठी वेगळी भाकरी थापली, की ती त्याला शिक्षा वाटते.

भाकरी जमत नाही ही तक्रार खरी आहे. ग्लुटेन नाही म्हणजे पिठाला स्वतःचा चिकटपणा नाही. म्हणून तर आपल्याकडे पीठ उकळीच्या पाण्यात भिजवतात. गरम पाण्याने पिठातले स्टार्च फुलते आणि ग्लुटेनची उणीव थोडीफार भरून काढते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरीला कडेने चिरा पडतात, म्हणून दळण आठवड्या-पंधरवड्याचेच करायचे. थापायला जमेना, तर उकड काढून दोन प्लास्टिकच्या कागदांत लाटावी. जुन्या जाणत्यांना हे पाप वाटेल, पण भाकरी पोटात गेल्याशी मतलब.

कोकणात, गोव्यात काम आणखी सोपे. घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी, उकडा भात, पातोळ्या यांत गव्हाचा संबंध येत नाही. गोव्यात धोका दारावर येणाऱ्या पोदेरच्या टोपलीत. पाव आणि पोई दोन्ही गव्हाचे. सणातली बेबिंका मैद्याची, दोदोल मात्र तांदूळ, गूळ आणि नारळाचे.

फसवतात ते असे पदार्थ, ज्यांत गहू आहे हे आपण विसरून गेलो आहोत. मेतकुटात डाळींबरोबर गहू भाजून घातलेला असतो. तापातून उठलेल्या पोराला प्रेमाने वाढलेला मऊ भात-मेतकूट सीलिॲक असलेल्या पोराला चालत नाही. आपल्याकडचे सातूचे पीठ गहू आणि डाळ्याचे. थालिपिठाच्या भाजणीत मूठभर गहू बहुतेक घरी पडतोच. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. हॉटेलातल्या भाकरीत ती तुटू नये म्हणून कणीक मिसळण्याचा प्रकारही होतो. बटाटेवडा बेसनाचा खरा, पण तो त्याच कढईत तळला जातो जिच्यात आताच मैद्याचे सामोसे तळले गेले. मक्याच्या पोह्यांना आणि चॉकलेटी पेयांना चव येते ती जवापासून काढलेल्या माल्टने. ओट्स तत्त्वतः बहुतेकांना चालतात, पण गव्हाच्या शेजारी पिकलेले आणि गव्हाच्याच कारखान्यात सोललेले ओट्स शुद्ध राहत नाहीत. तशी खात्री लिहिलेले पाकीट असले तरच, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

आणि हिंग. मराठी फोडणीचा हा प्राण, पण आपल्या डबीत असते ते शुद्ध हिंग नव्हे. मूळ डिंक इतका उग्र, की तो पीठ आणि बाभळीच्या जातीचा डिंक मिसळून सौम्य करतात. त्यालाच बांधणी हिंग म्हणतात. हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. चिमूटभर हिंगातून किती जाणार, असे वाटते. पण आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत, ताकात अशी ती चिमूट दिवसातून चार वेळा पडते. तांदळाच्या पिठावर बांधलेले हिंग मिळते, डबीवर घटक छापलेले असतात. ते वाचले की झाले. पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेन असलेल्या धान्याचा उल्लेख करणे आपल्या नियमांनुसार बंधनकारक आहे. सुट्या मालाला मात्र हा नियम लागत नाही, आणि आपली निम्मी खरेदी सुटी असते.

एक गंमत सांगण्याजोगी. घरी एकादशी असली की सीलिॲक असलेल्या माणसाचा दिवस निर्वेध जातो. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळे. उपवासाचे सगळे रुग्णाला चालते, आणि हिंग, गहू स्वयंपाकघरात फिरकत नाहीत. गहू वर्ज्य करून पोटभर आणि चवीने खाण्याची पाककला आपल्याकडे शेकडो वर्षांपासून सिद्ध आहे. फक्त ती साबुदाण्यावर अडकू नये. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसे काही नसते. वरई आणि राजगिऱ्याचे तसे नाही, आणि नाचणीत तर शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ज्याची झिजलेल्या आतड्याच्या माणसाला फार गरज असते.

याउलट बाजारातली ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटे, केक, पास्ता. गव्हाची चव आणि पोत आणण्यासाठी त्यांत तांदळाचे व मक्याचे स्टार्च, साखर आणि चरबी भरपूर. तंतू आणि जीवनसत्त्वे कमी. मुलाच्या वाढदिवसाला केक आणावाच, त्यात वावगे काही नाही. पण रोजचे जेवण या पाकिटांवर बेतले तर वजन वाढते, बद्धकोष्ठ होते आणि खिसा रिकामा होतो. निदानानंतर सुरुवातीचे काही महिने काहींना दूधही पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारे विकर त्याच अंकुरांच्या टोकाशी तयार होते; अंकुर भरून आले की बहुतेकांना दूध पुन्हा पचू लागते. मुलांचे आतडे लवकर सावरते, मोठ्यांना दोन-दोन वर्षे लागू शकतात. तोवर लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२, फोलेट, हाडांची घनता यांवर लक्ष हवे. ‘बरे वाटतंय’ म्हणून तपासण्या सोडू नयेत.

समाजात वावरताना मात्र पाककला कामी येत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. ‘प्रसादाला नाही म्हणू नये गं, बोटभर घे, देवाचं आहे, काही होत नाही.’ हे म्हणणाऱ्या काकूंच्या मनात मायाच असते. त्या मुलीने हात मागे घेतला तर उद्धट, पुढे केला तर आजारी. ‘आमच्याकडचं चालत नाही वाटतं’ हे वाक्य कोणत्याही पोथीपेक्षा जास्त घाबरवते. पेढा, खडीसाखर, पंचामृत, केळे यांचाही प्रसाद होतोच की. यजमानांनी एवढी सोय आधीच केली तर कोणालाही नकार द्यावा लागणार नाही. ख्रिस्ती समाजात हा पेच आणखी बिकट, कारण कॅथलिक चर्चच्या नियमानुसार मिस्सेतली पवित्र भाकर गव्हाचीच असावी लागते. २०१७ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केले, की पूर्णपणे ग्लुटेनमुक्त भाकर चालणार नाही; अत्यल्प ग्लुटेनची चालेल. ज्यांना तीही सोसत नाही त्यांनी केवळ द्राक्षारस घ्यावा, अशी मुभा आहे. कठोर वाटणाऱ्या नियमातही वाट काढून ठेवली आहे, हे विशेष. आपल्या पंगतींना तर असा नियम कोणी घातलेलाच नाही.

लग्न ठरवताना हा आजार लपवला जातो, विशेषतः मुलींचा. यावर लिहावे तेवढे थोडे. एवढेच नोंदवतो, की पथ्य सांभाळणारी सीलिॲक असलेली स्त्री निरोगी आयुष्य जगते, तिला मुले होतात. आणि लपवलेले पथ्य सासरी पाळता येत नाही.

नटनट्या आणि खेळाडूंमुळे ‘ग्लुटेन-फ्री’ ही फॅशन झाली, तिचा फायदा असा, की दुकानांत माल येऊ लागला. तोटा असा, की हॉटेलातला वेटर आता रुग्णाकडेही फॅशन करणारा म्हणूनच पाहतो आणि ‘हो, हो, चालेल’ म्हणून कणीक मिसळलेली भाकरी आणून ठेवतो. गहू ज्यांना सोसतो त्यांनी तो सोडण्याचे काही कारण नाही. गव्हाला खलनायक ठरवणाऱ्या पुस्तकांनी रुग्णांचे भले केलेले नाही.

राहता राहिले सरकार. इटलीसारख्या पास्ता-पावाच्या देशाने या आजाराला सार्वजनिक प्रश्न मानले. तिथे रुग्णांना ग्लुटेनमुक्त अन्नासाठी दरमहा भत्ता मिळतो, शाळांच्या भोजनगृहांत वेगळे जेवण मागण्याचा हक्क आहे, आणि २०२३ मध्ये मुलांची टाइप १ मधुमेह व सीलिॲकसाठी सरसकट तपासणी करण्याचा कायदाही झाला. सरसकट तपासणी आपल्याला आज झेपणारी नाही, तशी मागणीही आम्ही करत नाही. पण अंगणवाडीत ज्या बालकाचे वजन उपचार करूनही वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, त्याची एक रक्ततपासणी व्हायला हवी. आपल्याकडचे बहुतांश कुपोषण गरिबीचे आणि संसर्गाचे आहे, हे मान्य. तरी त्यातले एखादे मूल सीलिॲकचे असेल, तर घरी नेण्यासाठी मिळणारे गव्हाच्या पिठाचे पौष्टिक मिश्रण त्याला अधिकच खंगवणार. शाळेतली खिचडी तांदळाची, तिथे हिंग सांभाळले की भागते. वसतिगृहे आणि आश्रमशाळांत मात्र रोजची पोळी असते आणि तिथल्या मुलाला घरघंटी कोण देणार?

रेशनचे काम तर त्याहून सोपे आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून मोफत, आणि त्यात गव्हाचा वाटा असतो. सीलिॲकचे निदान झालेल्या कुटुंबाच्या घरात तो गहू येऊन पडतो. एक तर तो विकावा लागतो, नाहीतर घरातले बाकीचे खातात आणि त्या एकासाठी ज्वारी बाजारभावाने आणावी लागते. ज्वारीचा बाजारभाव गरिबाला परवडणारा राहिलेला नाही, हे सांगायला नको. याच कायद्यात भरडधान्य देण्याची तरतूद आहे. सरकार आधारभूत किमतीने ज्वारी खरेदी करते आणि काही जिल्ह्यांत ती रेशनवर वाटलीही गेली आहे. जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर अशा रुग्णाच्या वाट्याच्या गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ द्यावा, शिधापत्रिकेवर तशी नोंद करावी. लाभार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, खर्च जवळपास शून्य. पुरवठा विभागाने एक परिपत्रक काढले तर हे येत्या हंगामाच्या खरेदीपासूनच सुरू करता येईल.